दाद्या, हर्षद आणि न दिलेला निरोप

(पत्रांतली नावं बदलली आहेत. गावं आणि मंडळं गाळली आहेत.)

पत्र पहिलं

प्रिय काका,

मी अकरावीत आहे. कृष्णाकाठच्या गावात राहतो, खो-खो खेळतो. तुमचा अंक आमच्यात आजोबांसाठी येतो, पण आधी मी वाचतो. हे पत्र मोबाईलवर लिहितोय. तीन वेळा लिहून खोडलंय.

दाद्या आणि मी पाचवीत असताना २०१९ चा महापूर आला. दोघांच्याही घरांत पाणी शिरलं. वरच्या अंगाच्या गावातल्या शाळेत आम्हाला ठेवलं होतं. एकाच वर्गात आमची दोन्ही घरं, मधे साडीचा पडदा. आम्ही दोघं एका सतरंजीवर झोपायचो. त्यांची म्हैस वाहून गेली होती. तो रात्री तिच्यासाठी रडायचा आणि तो झोपेपर्यंत मी जागा राहायचो. तिथून आम्ही एकत्र. सहावीत एकाच संध्याकाळी मैदानावर गेलो. सरांनी आमची नावंसुद्धा एका ओळीत लिहिली.

तुम्हाला माहीत असेल, पळतीला तिघांची तुकडी आत जाते. चार वर्षं पहिल्या तुकडीत मी, दाद्या आणि कुणीतरी तिसरा. तिसरा बदलायचा. आम्ही दोघं कधी बदललो नाही.

यंदा जूनमध्ये हर्षद आला, वडिलांची बदली झाली म्हणून. चांगला खेळतो, हे मला कबूल आहे. खांबावर त्याच्यासारखा सूर आमच्यात कुणी मारत नाही, आणि पळतीला तर तो हाताला लागतच नाही. ऑगस्टमध्ये सरांनी तुकड्या बदलल्या. पहिलीत दाद्या आणि हर्षद. मी दुसरीत. मला वाटलं होतं दाद्या सरांना काहीतरी बोलेल. तो काही बोलला नाही.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सराव सुटल्यावर दाद्या हर्षदच्या गाडीवर मागं बसून जातो, कारण त्यांचं घर एका वाटेला आहे. मी सायकल हळू चालवतो, कोण काय बोलतंय ते ऐकायला. रात्री दाद्या ऑनलाईन दिसला की हर्षदचं पण उघडून बघतो. दोघंही ऑनलाईन असले की झोप लागत नाही. एकदा हर्षदच्या घोट्याला क्रेप बँडेज दाद्या बांधत होता. ते मला त्यानंच शिकवलं होतं, आठाच्या आकारात कसं गुंडाळायचं ते. मी मैदान सोडून घरी आलो.

आता खरी गोष्ट. कुमार गटाच्या जिल्हा निवड चाचणीच्या आदल्या रात्री साडेनऊला सरांचा फोन आला. म्हणाले, उद्या आठऐवजी सातला हजर राहायचंय, हर्षदचा फोन लागत नाही, तुझ्याकडं त्याच्या आईचा नंबर आहे, तेवढं सांग. मी हो म्हणालो. आणि सांगितलं नाही. हातात फोन घेऊन बसलो होतो. विसरलो नव्हतो.

हर्षद पावणेआठला आला. हजेरी झाली होती, निवड समितीनं त्याला उभंच केलं नाही. दाद्या निवडला गेला, मीही निवडला गेलो. सगळ्यांना वाटतंय हर्षदच्या फोनला रेंज नव्हती. सरांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्याच्या आईचा फोन लागला नाही. दाद्या दिवसभर हर्षदच्या खांद्यावर हात टाकून फिरत होता. तेही मला बघवलं नाही.

काका, माझे दोन प्रश्न आहेत. मी इतका वाईट कधी झालो? आणि दुसरा विचारायला लाज वाटते. एखाद्या मुलीसाठी असं झालं असतं तर पोरं म्हणाली असती, प्रेमात पडलाय. दाद्यासाठी होतंय, मग हे काय आहे? माझ्यात काही बिघाड आहे का? नेटवर शोधलं तर जे आलं ते वाचून मोबाईल बंद केला.

— एक खेळाडू, जि. सांगली

उत्तर

बाळा,

हे उत्तर छापून तुझ्या आजोबांच्या हातात पडेपर्यंत महिना गेलेला असेल, आणि तुझ्या पत्रातली एक गोष्ट महिनाभर थांबण्याजोगी नाही. म्हणून ज्या दिवशी तुझं पत्र आलं त्याच रात्री मी तुला मेलवर चार ओळी पाठवल्या. त्या इथं पुन्हा लिहितो.

तू दोन प्रश्न एकमेकांत गुंतवलेस. ते आधी सोडवू. दाद्याबद्दल तुला जे वाटतं तो गुन्हा नाही. सरांचा निरोप पोचवला नाहीस, तो गुन्हा आहे. माझ्या हाताखालून शाळेत एकतीस वर्षांत जी मुलं गेली, त्यांच्यातल्या पुष्कळांनी हे उलटं केलं. जे वाटलं त्याचीच लाज धरली आणि जे केलं ते लाजेच्या आड झाकलं. तुझंही तेच चाललंय. 'माझ्यात बिघाड आहे' असं एकदा मानलं की हर्षदचं जे नुकसान झालं ते त्या बिघाडाच्या खात्यावर टाकता येतं. ते तसं टाकू नकोस. साडेनऊ वाजता हातात फोन होता आणि तो तू लावला नाहीस. एवढं एकच वाक्य खरं आहे आणि ते बोलण्यासारखं आहे.

बोलायचं कुणाशी, हा खरा मुद्दा. तुझा ओढा दाद्याकडं असणार. त्याला सांगावं, त्यानं रागवावं, मग माफ करावं, म्हणजे सगळं पहिल्यासारखं. तसं करू नकोस. नुकसान दाद्याचं झालेलं नाही. पहिल्यांदा हर्षदला सांग. एकट्याला, समोर उभं राहून, मेसेजवर नाही. "सरांनी तुझ्यासाठी निरोप दिला होता. मी मुद्दाम दिला नाही. मला तुझा हेवा वाटत होता." एवढंच. पुढं 'पण' लावायचा नाही, पुराची गोष्ट सांगायची नाही, रडू आलं तरी त्यानं तुझी समजूत काढावी अशी वेळ त्याच्यावर आणायची नाही. तो हात उगारेल, शिवी देईल, काहीच न बोलता निघून जाईल. तो त्याचा हक्क आहे.

त्याच दिवशी सरांना. आणि इथं घाई करायला हवी, कारण जिल्ह्याच्या संघाची यादी पुढं गेली नसेल तर सर संघटनेच्या लोकांशी बोलून हर्षदची चाचणी घ्या म्हणू शकतील. होईलच असं नाही. पण यादी गेल्यावर मात्र नक्की होणार नाही. सर तुझं नाव काढतील कदाचित. काढलं तर वाद घालू नकोस आणि सराव सोडू नकोस. ज्या मुलाला बाहेर बसवलंय तो संध्याकाळी चुन्याच्या रेघा मारायला मैदानावर आला, तर सरांना पुढं त्याच्याशी काय करायचं ते आपोआप समजतं. मी असे सर पाहिलेत.

दाद्याला सगळ्यात शेवटी सांग. पण त्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी.

आता तुझा पहिला प्रश्न, इतका वाईट कधी झालो. तू सोळा-सतरा वर्षांचा आहेस. मी सोळाचा होतो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. ती मी छापील मजकुरात आजवर लिहिली नव्हती.

मी मिरजेचा. आमच्या गावात सतार आणि तंबोरा करणारी घराणी आहेत. पूर्वी हत्यारांना धार लावणारे शिकलगार, एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडं वळले. माझा मित्र त्यांतल्याच एका घरातला. १९७६ साल. शाळा सुटली की मी त्याच्या घरी. माळ्याला भोपळे टांगलेले असायचे, मंगळवेढ्याकडून बैलगाडीत आणि ट्रकमध्ये यायचे ते. खाली तुणाच्या लाकडाचा भुसा, लाखेचा वास, आणि तो मांडी घालून भोपळ्याच्या कडा घासत बसलेला. मी त्याच्यापाशी बसून अभ्यास करायचो. खरं तर अभ्यास करत नव्हतो, त्याचे हात बघत होतो. लाकडावर हात फिरवून कुठं उंच आहे कुठं खोल आहे ते त्याला डोळे मिटून कळायचं. मला वाटायचं, हे फक्त मला ठाऊक आहे.

त्या वर्षी दर्ग्याच्या उरुसाला धारवाडकडून एक गायक आले, पुतण्याला घेऊन. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्रभर गाणं होतं, अजूनही होतं. गायकांना तंबोऱ्यांची जोडी करून हवी होती, म्हणून पुतण्या दीड महिना मित्राच्याच घरी राहिला. आमच्याच वयाचा. त्याला सुराचं असं ज्ञान होतं की माझा मित्र तार जुळवून त्याच्याकडं बघायचा आणि तो नुसती मान हलवायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. दीड महिना मी भोपळ्यांच्या खाली बसून त्या दोघांच्या मानांकडं बघत होतो.

पुतण्या परत गेला. आठ दिवसांनी मित्रानं मला एक इनलँड पत्र दिलं, "स्टेशनवरच्या पेटीत टाक, तिथून लवकर जातं." पत्त्यावर धारवाड. मी ते कंपासपेटीत ठेवलं. दोन दिवस ठेवलं. मग कृष्णाघाटावर गेलो आणि पाण्यात सोडून दिलं.

त्यानंतरचे चार महिने मी आजही विसरलेलो नाही. पोस्टमन गल्लीत आला की मित्र रंधा खाली ठेवायचा. पोस्टमन पुढं गेला की पुन्हा उचलायचा. मी शेजारी बसलेला. एकदा तो मला म्हणाला, "मोठ्या माणसांत गेला, विसरला असेल." मी म्हणालो, "असेल." बघ, मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. तो पुन्हा माझ्याच वाट्याला आला होता, गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. आणि त्या दिवसापासून मी त्याच्या जवळ कधी बसलो नाही. म्हणजे बसायचो तिथंच, पण बोलताना दर वेळी त्या पत्राच्या अलीकडं थांबायचो. धारवाडचं नाव निघालं की विषय बदलायचो, उरूस आला की परगावी जायचो. बावीस वर्षं.

१९९८ साली मी त्याला सांगितलं. तो दुकानात तंबोऱ्याची जवारी काढत होता. तारा जिच्यावरून जातात ती घोडी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची, असं ते तासन्‌तास चालतं. त्यानं कानस खाली ठेवली आणि विचारलं, "वाचलंस का ते?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "मग त्यात काय होतं ते आता कुणालाच ठाऊक नाही. मलाही आठवत नाही." आणि कानस उचलली. मी अर्धा तास बसलो, तो बोलला नाही. सहा महिने मी तिकडं फिरकलो नाही. मग गेलो. त्यानं चहा मागवला. आजही जातो, आता दोघांच्याही गुडघ्यांना खाली बसणं झेपत नाही.

त्यानं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. पण बावीस वर्षांनी बोललेलं आणि बाविसाव्या दिवशी बोललेलं यांत फरक असतो. तुझ्या हर्षदला अजून चाचणी देता येईल. माझ्या मित्राला ते पत्र पुन्हा लिहिता आलं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. तू लाजत विचारलास, मी न लाजता उत्तर देतो. हो, हे प्रेम आहे.

आपल्याकडं जीव लावणं, जीव जडणं, जिवलग असे शब्द आहेत आणि ते कुणाहीबद्दल वापरता येतात. मुलाचा मुलावर जीव असतो हे आपल्या आज्या सहज बोलायच्या. शाळेत मी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली. पाचवीतली मुलं एकमेकांच्या गळ्यात हात घालून फाटकातून आत येतात. सातवीतही येतात. नववीत तो हात निघतो. कुणीतरी मागून ओरडलेलं असतं, "काय रे, आज तुझी बायको आली नाही वाटतं?" सगळे हसतात, तोही हसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं दोन हात अंतरावरून चालतात. मग एकमेकांना हात लावायला उरतं काय, तर खेळ, कुस्ती, गुद्दे आणि दुखापत. घोट्याला बँडेज बांधणं हे तुमच्या वयाच्या मुलांना मायेचं उरलेलं एक निमित्त आहे, म्हणून ते दुसऱ्याच्या पायाला बांधलेलं पाहून तुझ्या पोटात कालवलं. मला ते वाचून जराही नवल वाटलं नाही. नववीतला तो हात आम्ही शिक्षकांनी परत खांद्यावर ठेवायला शिकवलं नाही, ही आमची चूक.

पण तू त्याच्या पुढचंही विचारतोयस, हे मला दिसतंय. मित्रावरचा जीव हा एवढाच आहे, की इतर मुलांना मुलींबद्दल जे वाटतं तसं तुला दाद्याबद्दल वाटतं? हे मला सांगता येणार नाही, तुझ्या सरांना, आईवडिलांनाही नाही. तुला सांगता येईल, पण आजच यायला पाहिजे असं नाही. तुझ्या वयात कुणाकुणाला ते लख्ख कळलेलं असतं, कुणाला विशीत कळतं. मित्रावर असा जीव असलेली बरीच मुलं पुढं मुलींच्या प्रेमात पडतात, काही मुलं मुलांच्याच प्रेमात पडतात आणि त्यांची आयुष्यं नीट चाललेली मी पाहिलीत. तू कोणत्या वाटेचा आहेस हे ठरवायची घाई करू नकोस, आणि कुणी तुझ्यावतीनं ठरवत असेल तर त्याला ठरवू देऊ नकोस.

नेटवर जे वाचून तू मोबाईल बंद केलास त्याबद्दल. पुरुषाला पुरुषाबद्दल ओढ वाटणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं १७ मे १९९० रोजी ते आजारांच्या यादीतून काढलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सज्ञान माणसांनी राजीखुशीनं ठेवलेले असे संबंध हा गुन्हा नाही असा निकाल दिला. 'औषधानं, इंजेक्शननं, शॉकनं बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. असं कुणी तुला किंवा पुढंमागं तुझ्या घरच्यांना सांगितलं, तर हे साल त्यांना सांग. तू त्या वाटेचा असशील वा नसशील, ही माहिती तुझ्याजवळ असू दे. तुझ्या वर्गातल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

रात्री झोप येत नसेल, छाती भरून येत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. मी आठवड्यातून एकदा मेल बघतो. ते रोज असतात.

आणि दाद्याचं काय करायचं? तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "मला वाटलं होतं दाद्या सरांना काहीतरी बोलेल." मी ते चारपाच वेळा वाचलं. तू त्याला कधी सांगितलंस का, की तुकडी बदलल्याचं तुला लागलं? मला वाटतं नाही. तू त्याच्या मौनाचा अर्थ लावलास आणि ऑगस्टपासून त्या अर्थाशी भांडतोयस. त्याला कदाचित ठाऊकच नसेल. पुरात त्यानं तुझ्यासमोर म्हशीसाठी रडून दाखवलं होतं, त्याला ते येत होतं. तुला अजून यायचं आहे. "तू हर्षदच्या गाडीवर जातोस तेव्हा मला एकटं वाटतं." एवढं बोल. हर्षदला सोड असं म्हणू नकोस, कारण ते मागायचा अधिकार कुणालाच नसतो. आठवड्यातून एक संध्याकाळ माग. नदीला जायची, घाटावर बसायची, जे काय तुमचं पूर्वीचं असेल ते. तो हो म्हणेल असं मला वाटतं. नाही म्हणाला तर ते ऐकावं लागेल आणि ते फार दुखेल.

दोघं ऑनलाईन आहेत का ते बघणं बंद कर. हे मात्र आजपासूनच. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचं 'लास्ट सीन' आणि 'ऑनलाईन' दोन्ही बंद केलंस की दुसऱ्याचंही दिसत नाही, तशी सोय आहे. फोन रात्री आजोबांच्या खोलीत चार्जिंगला लाव.

(अंक छापायला जाण्याआधी या मुलाची मेल आली. परवानगी घेऊन थोडक्यात देतो. त्यानं हर्षदला सांगितलं. हर्षद म्हणाला, "माझ्या आईला येऊन सांग." तो गेला, आईला सांगितलं. तिनं त्याला पाणी दिलं आणि "यापुढं आमच्या घरी येऊ नकोस" म्हणाली. सरांनी त्याचं नाव काढायला सांगितलं आणि हर्षदसाठी विचारणा केली आहे, उत्तर यायचं आहे. दाद्याला त्यानं अजून सांगितलेलं नाही. मी कळवलं आहे की हर्षदच्या घरात ही गोष्ट आता तिघांना ठाऊक आहे, तेव्हा रविवारच्या आत सांग.)

पत्र दुसरं

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. त्याचा अगदी जवळचा मित्र क्लास बदलून दुसरीकडं गेला आणि तिथल्या मुलांत रमला. तेव्हापासून आमचा मुलगा डबा तसाच परत आणतो, खोलीचं दार लावून बसतो. परवा म्हणाला, "काही अर्थ नाही कशाला." यांचं म्हणणं, दहावीचं वर्ष आहे, नाटकं नकोत. मला त्याचा मोबाईल बघावासा वाटतो. बघू का? आणि एका मित्रासाठी मुलगा इतका खचतो का हो?

— एक आई, डोंबिवली

उत्तर

ताई, खचतो. दहावीच्या मुलाला आईबाप मिळालेले असतात, मित्र त्यानं स्वतः मिळवलेला असतो. आयुष्यात स्वतः मिळवलेलं पहिलं माणूस गेलं तर डबा परत येणारच. 'दुसरे मिळतील' हे वाक्य घरात कुणी बोलू नका. आजी गेल्यावर 'दुसरी आजी मिळेल' असं आपण म्हणत नाही.

मोबाईल चोरून बघू नका. त्याला ते कळलं तर बोलायला उरलेली एक व्यक्तीही जाईल. पण "काही अर्थ नाही" हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. आज रात्रीच, दोघंच असताना, सरळ विचारा, "तुझ्या मनात स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?" असं विचारलं की मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो अशी आपल्याकडं भीती आहे. ती खरी नाही. विचारलं की बहुतेक मुलांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं, किंवा तो गप्प राहिला, तर त्याला एकटं ठेवू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. रात्रीची वेळ असली तरी वर दिलेला १४४१६ क्रमांक चालू असतो.

उत्तर 'नाही' आलं, तर जेवताना त्या मित्राचं नाव घ्या. तुम्ही सगळे ते टाळत असणार, मुलाला त्रास नको म्हणून. घ्या नाव. त्याला तुमच्या हातचं काय आवडायचं ते काढा. यजमानांना माझ्याकडून एक विचारा, त्यांचा पंधराव्या वर्षीचा मित्र कोण होता, आणि तो आज कुठं आहे. ते मुलाच्या समोर सांगतील तर फार बरं होईल.

त्या मित्राच्या आईचा नंबर तुमच्याकडं असेलच. तिला फोन करून मुलाला एखाद्या शनिवारी जेवायला बोलवा. पण आधी तुमच्या मुलाला विचारून.